गुल्हाने पंचांचा दम

जामच्या चौकात, जिथं चंद्रपूरकडे रस्ता फुटतो, तिथं प्रभाकरराव गुल्हान्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकान त्यांचं, पाटीवर नाव त्यांचं, गल्ल्यामागची खुर्चीही त्यांच्याच मापानं रुंद झालेली. पण गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अंकित कुठी गेला जी?" अंकित हा त्यांचा मुलगा. कोणत्या मोटारीला कोणता पट्टा बसतो हे त्याला झोपेतही सांगता येतं. प्रभाकररावांनी एकदा हौसेनं एका शेतकऱ्याला पट्टा काढून दिला होता. तो माणूस दुपारी परत आला, पट्टा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "काकाजी, हा तुमीच कमरेले बांधा." तेव्हापासून प्रभाकरराव दुकानात बसून फक्त पंख्याचं बटण सांभाळतात.

घरीही निराळं काही नव्हतं. नलूबाई, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर "हो" म्हणायची आणि आपल्या मनात असेल तेच करायची. रात्री ताटावर बसले की प्रभाकरराव बोलत राहायचे आणि ती भाकरी थापत राहायची. थोडक्यात काय, तर या भल्या माणसाचं अख्ख्या जाममध्ये कोणी ऐकत नव्हतं.

गळ्यात शिट्टी आली की मात्र हजार माणसं ऐकायची. कारण प्रभाकरराव कबड्डीचे पंच होते, आणि समुद्रपूर तालुक्यात तरी त्यांच्यासारखा पंच दुसरा नव्हता. कबड्डीत चढाईला गेलेल्यानं समोरच्यांच्या अंगणात असेपर्यंत एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं असतं. मध्ये श्वास घेतला की दम तुटला, गडी बाद. नियम एवढा सोपा. पण कडेला डीजे, माईकवर गावातला सगळ्यात हौशी माणूस, चारी बाजूंनी ओरडणारे पोट्टे, अशा गोंधळात एखाद्यानं चोरून घेतलेला श्वास ऐकणार कोण? प्रभाकरराव ऐकायचे. मान किंचित तिरकी करायचे, एक डोळा मिटायचे, आणि श्वास घेणाऱ्याला स्वतःला कळायच्या आत शिट्टी वाजलेली असायची. घरात नलूबाईनं चार वेळा मारलेली हाक ज्या कानात शिरत नसे, तोच हा कान!

निर्णय एकदा दिला की दिला. मागं घेणं नाही, ओळख नाही, नातं नाही. नलूबाईचा सख्खा भाऊ धर्मेंद्र एकदा त्यांच्यासमोर चढाई करत होता, त्यालाही त्यांनी दम तुटला म्हणून बाहेर बसवलं. पुढचा आठवडाभर प्रभाकररावांच्या ताटातल्या वरणात मीठ नव्हतं. त्यांनी ते वरण मुकाट्यानं खाल्लं, पण दम तुटला नव्हता असं काही म्हटलं नाही.

आता पंचांच्या पोटाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या पोटानंच घडवलं. आपल्याकडे स्पर्धा भरवणाऱ्या गावाची इज्जत दोन गोष्टींवर ठरते. मैदान किती मऊ केलं, आणि पंचांना काय जेवू घातलं. सामने सुरू व्हायच्या आधी पंचांची पंगत बसते. पाटवडी-रस्सा, गोळाभात, वर गरम बुंदी. नाही म्हटलं तर गावाचा अपमान, आणि सरपंचाकडे जेवून त्याच्या विरोधकाकडे नाही जेवलं तर भांडण. निःपक्षपातीपणा म्हणून प्रभाकरराव दोन्हीकडे जेवायचे. इतक्या वर्षांचा निःपक्षपातीपणा पांढऱ्या शर्टाच्या बटणांवर आला होता.

हिवाळ्यात गिरडला, फरीदबाबांच्या टेकडीच्या पायथ्याशी, मोठी स्पर्धा भरते. तिथल्या फायनलला शिट्टी फुंकणं हा प्रभाकररावांचा वर्षातला एकच सण. मागच्या वर्षी त्या सणाला गालबोट लागलं. मुलींची फायनल होती, जाम विरुद्ध हिंगणघाट. शेवटची चढाई जामच्या अपेक्षा महाकाळकरची. पोरीनं दोघींना हात लावला, तिसरीच्या मिठीतून सुटली, मध्यरेषेकडे झेपावली, रेषेपासून तिचा हात वीतभर दूर होता आणि शिट्टी वाजली. "दम तुटला. बाद!"

स्वतःच्या गावाचा पंच, स्वतःच्या गावाची पोरगी, आणि कप हिंगणघाटला. परतीच्या टेम्पोत कोणी प्रभाकररावांशी बोललं नाही. अपेक्षा त्या दिवसानंतर दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडे फिरवायची. तिच्या बापाला दोन खिळे लागले तरी ती ते समुद्रपूरहून आणायची. तिचं म्हणणं एकच होतं की दम तुटला नव्हता. प्रभाकररावांचंही म्हणणं एकच होतं, पण त्यांना ते कोणी विचारलं नाही.

यंदा दिवाळीनंतर वर्ध्याला जिल्ह्यातल्या पंचांची बैठक झाली. नवे सचिव धनंजय सर, शाळेत खेळाचे शिक्षक, सडपातळ, हातात स्टॉपवॉच. सर म्हणाले, "खेळाडू चपळ झालेत, खेळ वेगवान झाला, आणि आपले पंच मैदानाच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाचा निर्णय देतात. हे चालणार नाही." नाव कोणाचं घेतलं नाही, तरी सगळ्यांनी प्रभाकररावांच्या पोटाकडे पाहिलं. मग सरांनी नियम वाचला. शाळेच्या मैदानाचे चार फेरे, आठ मिनिटांच्या आत, आणि फेरे संपताच एक लांब शिट्टी. ज्याला जमेल त्याला गिरडचं मैदान, नाही जमलं तर गुण लिहायचं टेबल.

प्रभाकररावांच्या बाजूला अण्णाजी बसले होते. अण्णाजी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेचे, वयही तेच, पोटही तेच. दोघांनी इतकी वर्षं जोडीनं पंचगिरी केली आणि एकाही निर्णयावर दोघांचं कधी एकमत झालं नाही. ते कानाशी लागून म्हणाले, "गुल्हाने भाऊ, तुमी आतापासूनच टेबल पाहून ठेवा. खुर्ची मजबूत पायजे फक्त."

हे वाक्य प्रभाकररावांना जामपर्यंतच्या बसमध्ये टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी नवे बूट घातले, गळ्यात पंचा टाकला आणि चौकात आले. थांब्यावर बसची वाट पाहणारे लोक बघत होते, म्हणून त्यांनी एकदम जोरातच सुरुवात केली. आलूबोंड्याच्या हॉटेलापर्यंत ते खरोखर पळाले. हॉटेलवाला झारा हातात घेऊन बाहेर आला आणि काळजीनं विचारता झाला, "काकाजी, कोनी मांगं लागलं काय?" उत्तर द्यायला श्वास नव्हता. परत आले ते दूधवाल्याच्या टेम्पोतून, दोन कॅनांच्या मध्ये बसून.

दिवसभर पोटऱ्या ठणकत होत्या. नलूबाई तेल चोळत बसली.

"अवं नलू, हे माह्यानं होत नाई," ते म्हणाले.

"नाई होत तं नाई होत. टेबलावर बसा. सावलीत राहाल."

"टेबलावर?" प्रभाकरराव उठून बसले. "दुकानात अंकितले विचारतेत, घरात तुले विचारतेत. मले कोन विचारते? गिरडले मी शिट्टी मारली तं टेकडीवरचे लोकबी चूप होतेत. ते गेलं तं मी राह्यलो कोन? पंख्याचं बटन?"

नलूबाई नेहमीप्रमाणे "हो" म्हणाली. संध्याकाळी मात्र डोक्यावर पदर घेऊन ती महाकाळकरांच्या घरी गेली. अपेक्षा पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज पहाटे समुद्रपूर रस्त्यावर पळायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. दोघींचं काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास अपेक्षा गुल्हान्यांच्या दारात उभी होती. वर्षभरानं पहिल्यांदा.

"शिकवीन मी," ती म्हणाली. "पन मैदानावर तुमचे नियम, रस्त्यावर माहे."

"तू काऊन शिकवून राह्यली मले? तुले तं खुशी व्हायले पायजे."

"यंदाबी गिरडले मी चढाई करीन. तुमी नसले आन् मी जिंकली, तं सारे म्हनतीन, गुल्हाने काका नोयते म्हून जिंकली. मले तुमच्या कानासमोर जिंकाचं हाये. चाला, बूट घाला."

पहिले कित्येक दिवस तिनं त्यांना पळूच दिलं नाही. नुसतं चालायचं. प्रभाकररावांना तो अपमान वाटला. चालायला तर ते लहानपणीच शिकले होते. पण अपेक्षाचं म्हणणं असं की आधी अंग गरम, मग चाल, मग वेगानं चाल, मग पळणं, आणि शेवटी पुन्हा चालत अंग थंड करणं. गावाबाहेरच्या पुलियाजवळ ती त्यांना घोटे फिरवायला लावायची, गुडघे वर उचलायला लावायची, खांदे मोकळे करायला लावायची. वाकून पायाची बोटं पकडा म्हणाली, तेव्हा प्रभाकरराव अडचणीत आले. गेल्या काही वर्षांत त्यांना उभ्यानं स्वतःची बोटं दिसलीच नव्हती. पुलियाच्या कठड्यावर पाण्याची बाटली घेऊन बसलेली नलूबाई म्हणाली, "हायेत, हायेत जागेवर. तुमी वाका फक्त."

मग पळणं सुरू झालं. अपेक्षानं त्यातही नियम घातला. "बोलता आलं पायजे इतक्याच जोरात पळाचं. बोलनं बंद पडलं म्हंजे समजा, जादा झालं."

"काय बोलू पळता पळता?"

"काहीबी बोला."

प्रभाकरराव पाइपांची मापं बोलू लागले, पण ती त्यांना दुकानातही कधी नीट सांगता आली नव्हती. शेवटी अपेक्षानं ठरवलं. रस्त्याच्या कडेला विजेचे खांब होते. खांबापाशी छातीभर श्वास घ्यायचा आणि पुढच्या खांबापर्यंत एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत सावकाश पळायचं. दम टिकला तर पुढं. मध्येच तुटला तर बाद. बाद झालेल्यानं रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसायचं. अपेक्षा पळत वळणापर्यंत जाणार, तिथल्या मैलाच्या दगडाला हात लावणार, आणि तिथून ओरडणार, "जिवंत!" मैदानावर आपल्या संघानं समोरचा गडी बाद केला की बाहेर बसलेला आपला गडी जिवंत होऊन आत येतो, तसंच. जिवंत झाल्याशिवाय उठायचं नाही.

जामकरांना सकाळी सकाळी फुकटचा तमाशा मिळाला. पुढं वाऱ्यासारखी पोरगी, मागं "कबड्डी कबड्डी" पुटपुटत पांढरा बनियन घातलेले गुल्हाने काकाजी, त्यांच्या मागं कुत्री. ट्रकवाले भोंगे वाजवून शाबासकी द्यायचे. चहाच्या टपरीवाल्या तानाबाईनं नलूबाईला गाठून हळूच विचारलं, "बाई, भावजीले कायची बाधा झाली व? रस्त्यानं एकटेच बडबडत जातेत, मधातच मांडी घालून बसतेत, मंग ते पोट्टी वरडली का उठतेत. बाबाच्या टेकडीवर नेऊन आन एकदा."

"टेकडीवर जाता यावं म्हूनच चाललं हाये सारं," नलूबाई म्हणाली.

अपेक्षाचा सूड मात्र मनसोक्त चालला होता. जराशी घरघर झाली की पुढून आवाज यायचा, "तुटला! बाद!"

"नाई तुटला! ठसका लागला!"

"तुटला."

"अवं, माशी गेली तोंडात!"

"बसा खाली, काकाजी."

आपण काय बोलतोय हे प्रभाकररावांच्या उशिरा लक्षात आलं. ठसका, माशी, धूळ, ढकललं, डीजेमुळं ऐकू आलं नसेल. गेली कित्येक वर्षं खेळाडूंनी त्यांना सांगितलेल्या या सगळ्या सबबी आता ओळीनं त्यांच्याच तोंडातून बाहेर पडत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्या त्यांना अगदी खऱ्या वाटत होत्या. मग वाद कमी झाले. मग थांबलेच. एका सकाळी तर दम तुटला तेव्हा बाजूनं गिट्टीचा ट्रक धडधडत जात होता, अपेक्षाला काही ऐकू आलं नव्हतं, तरी प्रभाकररावांनी आपणहून हात वर केला आणि कडेला बसले. अपेक्षा थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मग वळणाकडे पळाली.

खाण्याचा कारभार नलूबाईकडे होता. मध्येच एका गावच्या सामन्यांचं बोलावणं आलं, तर तिनं आयोजकांना फोन करून ताकीद दिली. त्या दिवशी पंगतीत सगळ्या पंचांपुढं पाटवडी-रस्सा आणि प्रभाकररावांपुढं दोन काकड्या. गाववाले रुसले, अण्णाजींनी मिटक्या मारत दोन माणसांचं खाल्लं, आणि प्रभाकररावांनी त्या दिवशी जरा जास्तच खेळाडू बाद केले असं लोक म्हणतात. शर्टाची बटणं मात्र आता आपली आपण लागत होती.

चाचणीचा रविवार उजाडला. वर्ध्याच्या शाळेचं मैदान, कडेनं चुन्याची रेषा, चार कोपऱ्यांत चार झेंड्या. धनंजय सरांनी मोजायला सोपं जावं म्हणून पंचांचे दोन गट केले. वर्ध्याकडच्यांना निळ्या जाळीदार बंड्या, हिंगणघाट-समुद्रपूरकडच्यांना लाल. बंड्या शाळेच्या पोरांच्या होत्या. प्रभाकररावांची बंडी छातीपर्यंत उतरली आणि तिथं थांबली. एक लाल, एक निळा, अशा जोड्या पळणार होत्या, आणि प्रभाकररावांच्या जोडीला आले अण्णाजी. सकाळी स्टँडवर दोन प्लेट तर्रीपोहे खाऊन आले होते. "ताकद पायजे ना भाऊ," ते म्हणाले.

नलूबाई आणि अपेक्षा शेवटच्या रेषेजवळ, निंबाच्या सावलीत बसल्या होत्या. नलूबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा मैदानावर आली होती. तिच्या हातात तीच पाण्याची बाटली होती.

शिट्टी झाली. अण्णाजी जे सुटले ते पहिल्या फेरीत कोणाला दिसेचनात. प्रभाकररावांचा जीव खालीवर झाला, पण सावलीतून अपेक्षा ओरडली, "आपला खांब आपन पाहाचा!" त्यांनी झेंडी हा खांब मानला. झेंडीपाशी श्वास, पुढच्या झेंडीपर्यंत "कबड्डी कबड्डी". दुसऱ्या फेरीतही अण्णाजी पुढंच. तिसऱ्या फेरीत तर्रीपोह्यांनी आपला हिशेब मागितला. अण्णाजी कुशीला हात लावून वाकडे वाकडे चालू लागले आणि प्रभाकरराव "कबड्डी कबड्डी" म्हणत त्यांच्या शेजारून निघून गेले. चौथी फेरी. शेवटची झेंडी. तिथं त्यांनी छातीभर श्वास घेतला. समोर पांढरी रेषा, रेषेपलीकडं गिरड. वेळ भरपूर होता. सावकाश गेले असते तरी पोहोचले असते.

पण गिरड दिसल्यावर माणूस सावकाश कसा जाईल? प्रभाकरराव घाईनं पळाले, छातीत अडकलं, आणि दम तुटला.

कोणालाही ऐकू आलं नाही. सरांना नाही, पंचांना नाही, अपेक्षालासुद्धा नाही. ऐकू आलं ते फक्त प्रभाकररावांना. ते जागच्या जागी थांबले. हात वर केला. बोट स्वतःच्या छातीकडे दाखवलं. "बाद," म्हणाले, चुन्याच्या रेषेबाहेर गेले आणि मांडी घालून बसले.

धनंजय सर धावत आले. "काका, काय झालं? चक्कर आली?"

"दम तुटला."

"अहो, मग श्वास घ्या आणि पळा! रेषा ही काय समोर आहे! इथं दमाचा नियम नाही!"

"दमाचा नियम नाई, मंग कबड्डी कायची?" प्रभाकरराव शांतपणे म्हणाले. "बाद दिला तं दिला. निर्णय मांगं घेता येत नाई."

"पण निर्णय दिला कोणी?"

"मी."

मैदानावर जिल्ह्यातले एकूण एक पंच जमलेले, आणि पंचांसमोर निर्णय आला की ते गप्प बसतील का? एक म्हणाला पंच स्वतः स्वतःला बाद देऊ शकत नाही. दुसरा म्हणाला का नाही, पाहिलं त्यानंच ना. तिसरा म्हणाला एकदा बोट दाखवलं की विषय संपला. स्टॉपवॉच पळत होतं. अपेक्षा रडकुंडीला आली होती, "काकाजी, उठा ना जी! पाया पडते तुमच्या!" प्रभाकररावांचेही डोळे भरून आले होते. त्यांनाही उठायचंच होतं. गिरड त्यांना आत्ता या क्षणी जितकं हवं होतं तितकं आयुष्यात कधी हवं नव्हतं. पण बाद झालेला गडी उठणार कसा?

तेवढ्यात कुशीला हात लावून अण्णाजी आले. प्रभाकरराव बाहेर बसलेले पाहिले आणि त्यांचं पोटदुखणं तिथंच पळालं. पुढं रेषा गाठायची सोडून ते चुन्याची रेषा ओलांडून सरळ प्रभाकररावांपाशी आले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "काय गुल्हाने भाऊ, टेबल पाह्यलं काय?"

आणि निंबाखालून एक आवाज आला. तो आवाज मैदानावर आधी कोणी कधी ऐकला नव्हता.

"अण्णाजीचा पाय रेषेभाईर हाये!" नलूबाई उभी राहिली होती, पदर खांद्यावर आला होता. "निळ्याचा गडी बाद! अवो, बसले काय? उठा! समोरचा बाद झाला, तुमी जिवंत झाले!"

सगळ्या पंचांनी खाली पाहिलं. प्रभाकररावांनीही पाहिलं, मान तिरकी करून, एक डोळा मिटून. अण्णाजींचा पाय रेषेबाहेर होता, चांगला हातभर. शंकेला जागाच नव्हती. समोरचा गडी बाद, आपला गडी जिवंत. नियम म्हणजे नियम.

प्रभाकरराव उठले. जिथून बाहेर गेले होते तिथूनच आत आले, छातीभर श्वास घेतला, आणि "कबड्डी कबड्डी" म्हणत रेषेकडे निघाले. या वेळी घाई केली नाही. रेषा ओलांडली, शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली की शाळेच्या कौलांवरचे पारवे उडाले.

सरांनी स्टॉपवॉच पाहिलं, पुन्हा पाहिलं. "फेरे चार झाले. वेळ अजून थोडा शिल्लक आहे. शिट्टी तर साऱ्या वर्ध्यानं ऐकली. मध्ये बसू नये असं काही मी म्हटलं नव्हतं." ते हसले. "काका, पास!"

"आन् मले कोन जिवंत करन?" रेषेबाहेरून अण्णाजींनी विचारलं.

"पुढच्या रविवारी, अण्णाजी. आणि पोहे न खाता या."

हसण्याचा गलका शमल्यावर अपेक्षा प्रभाकररावांजवळ आली. बराच वेळ बुटाच्या टोकानं चुना उकरत राहिली. मग कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "काकाजी, गिरडले माहा दम तुटलता."

"मालूम हाये मले," प्रभाकरराव म्हणाले. "मलेबी खांबाजवळ लय येळा वाटलं, नाई तुटला म्हून. यंदा घाई नोको करजो."

परतीच्या बसमध्ये प्रभाकरराव आणि नलूबाई शेजारी बसले. सेलूकाटे गाव मागं पडलं. प्रभाकररावांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती.

"नलू, समोरचा बाद झाला का आपला जिवंत होते, हे तुले कोनं सांगतलं? अपेक्षानं?"

"तुमीच. ताटावर बसून दुसरं काय बोलता तुमी? दम, बोनस, लोना, कोनाचा पाय रेषेभाईर गेलता. लग्न झालं तवापासून आयकून राह्यले मी."

"मले वाटलं, तू नुसती हो म्हनते."

"हो म्हनते म्हंजे आयकत नाई काय?"

प्रभाकरराव खिडकीबाहेर कपाशीची वावरं बघत राहिले, आणि नलूबाईनं बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांच्यापुढं धरलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक आलं आणि त्यानं विचारलं, "अंकित कुठी गेला जी?" प्रभाकररावांनी आनंदानं सांगितलं की तो समुद्रपूरला गेला आहे, आणि पंख्याचं बटण दाबलं. संध्याकाळी घरी ते शिट्टीची दोरी धुवत बसले होते. स्वयंपाकघरातून नलूबाईनं हाक मारली. बाहेर चौकात ट्रकांचे भोंगे चालू होते, शेजारी कोणाच्या तरी लग्नाचा डीजे लागला होता. प्रभाकरराव पहिल्याच हाकेला उठले.